आमच्या शेजारचा नुकोबा

आमच्या शेजारी राहणारे टिपणीस दर उन्हाळ्यात आपल्या मागच्या अंगणात एक मुंडकं वाळत घालायचे.

मुंडकं म्हणजे खरंच मुंडकं. पिंपाएवढं मोठं, सायीच्या रंगाचं, केसाळ, दोन लोंबते कान, बशीएवढे काळे डोळे आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. टिपणीस ते घडीच्या खुर्चीत बसवायचे, कान दोन्ही बाजूंना चिमट्यांनी ताणून ठेवायचे आणि ऊन सरकेल तशी खुर्ची फिरवायचे. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलमध्ये तेव्हा अंगणात साधा टॉवेल वाळत घातला तरी लोक नाक मुरडायचे. घरात ड्रायर असताना दोरी कशाला, असा तिथला सरळ हिशेब. अशा वस्तीत हे मुंडकं खुशाल ऊन खात बसायचं. पलीकडच्या घरातल्या बाईंनी पहिल्या वर्षी पोलिसांना फोन केला. पोलीस आला, कुंपणावरून डोकावला, आणि टिपणीसांच्या तावडीत सापडला. ओलसर फोममध्ये बुरशी कशी धरते, यावर त्यांनी त्याला असं काही व्याख्यान दिलं, की तो सुटल्यावर थेट गाडीत जाऊन बसला आणि त्या मुंडक्याची चौकशी करायची राहूनच गेली.

टिपणीस पंपांचे इंजिनिअर. मूळचे ठाण्याचे, पण ठाण्याबद्दल मी त्यांच्या तोंडून फारसं ऐकलं नाही. मधली काही वर्षं ते नोकरीनिमित्त जपानात, कोबेला होते आणि ऐंशीच्या सुमारास बायको-मुलीसह आमच्या शेजारी दाखल झाले. ठेंगणा, गोल माणूस. डोक्यावर विरळ केस आणि गालात कायम एक लवंग. बोलून बोलून घसा बसतो म्हणून लवंग. बोलणं कमी करावं, हा दुसरा उपाय त्यांना कधी सुचला नाही.

त्यांचं बोलणं सुरू व्हायचं एकाच वाक्याने. "तसं नसतं ते." तुम्ही काहीही म्हणा. "आज काय थंडी आहे हो," असं मी सहज म्हणावं, तर हे लवंग या गालातून त्या गालात सारून म्हणणार, "तसं नसतं ते, वहिनी. थंडी नाही ही. हा वारा आहे. वारा थांबवा, थंडी कुठाय?" वारा कसा थांबवायचा, हे विचारायची सोय नव्हती, कारण तेही त्यांना ठाऊक असायचं. मग जपान निघायचं. जपानात गाडी कशी वेळेवर येते, जपानात भात कसा धुतात, जपानात दुकानदार सुटे पैसे कसे दोन्ही हातांनी देतो. बर्फ पडला की आमचे हे आधी पडदा सारून टिपणीसांचा ड्राइव्हवे बघायचे आणि तो मोकळा दिसला तरच फावडं घेऊन बाहेर पडायचे. एकदा अंदाज चुकला. तासाभराने हे आत आले तेव्हा कानाची पाळी लालभडक झाली होती आणि आमच्या दारातला बर्फ होता तिथेच होता. "फावडं कुठल्या कोनात धरायचं ते मात्र आता पक्कं कळलंय," असं म्हणून ह्यांनी चहा मागितला.

त्यांच्या बायकोने, शालनने, यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची आणि घरी नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला "हं" म्हणायची. या "हं"चे तिच्याकडे बरेच प्रकार होते. टिपणीसांना ते सगळे "हो" वाटायचे.

आता मुंडक्याकडे येते.

टिपणीसांची मुलगी उल्का इथे आली तेव्हा पाच वर्षांची होती. जपानात वाढलेली. मराठी समजायची, पण उत्तर जपानीत द्यायची आणि इंग्रजीचा तर गंधच नव्हता. शाळेत घातलं, तर पोरगी तिथे तोंड उघडेना. घरीही खिडकीत बसून राहायची. कोबेला संध्याकाळी टीव्हीवर मुलांचा एक कार्यक्रम लागायचा, त्यात नुकुमारू नावाचा एक प्राणी यायचा. प्राणी म्हणजे आत माणूस शिरलेला केसाळ पोशाख. धड अस्वल नाही, धड ससा नाही, पोट मात्र भक्कम. तो यायचा, धडपडायचा, मुलांना पोटाशी धरायचा आणि जायचा. उल्काला अमेरिकेतलं काही म्हणजे काही नको होतं. तिला नुकुमारू हवा होता.

मी तेव्हा एका कापडाच्या दुकानात काउंटरवर कापड कापून द्यायची. एके दिवशी टिपणीस तिथे उगवले आणि म्हणाले, "वहिनी, केसाळ कापड दाखवा. सायीच्या रंगाचं."

"बाथरूमच्या पायपुसण्याला का?"

"तसं नसतं ते," असं म्हणून त्यांनी काउंटरवर निळसर कागदावर काढलेला नकाशा पसरला. समोरून, बाजूने, वरून. पोटाचा घेर, कानांची लांबी, आत खेळणारी हवा, सगळं मांडलेलं. माझ्या मागे रांगेत असलेल्या अमेरिकन बायका तो नकाशा बघून कौतुकाने माना डोलवत होत्या. त्यांना तो सोफा वाटला असावा.

मग महिनाभर आमचं गराज म्हणजे कारखाना झाला. उल्काला दिसू नये म्हणून सगळं काम आमच्याकडे. शिवणयंत्र माझं, पाठही माझीच मोडली. डोक्याचा सांगाडा त्यांनी टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायच्या तारेच्या पिंजऱ्यातून केला, पोटात जुन्या गादीचा फोम भरला आणि मानेत एक बॅटरीवरचा पंखा बसवला. चेन पाठीवर. "अहो, पाठीवरची चेन तुमची तुम्हाला लावता येणार नाही," मी म्हटलं. "पुढे घेऊ या की."

"पुढे चेन दिसली तर मुलांना कळतं. जपानात चेन लावायला वेगळा माणूस असतो. तोच हात धरून चालवतो, कारण आतून दिसत नाही."

"तो माणूस इथे कोण?"

टिपणीस माझ्याकडे बघून प्रेमाने हसले. अशी मी त्या हत्तीची माहूत झाले.

त्यांनी मला नियमही समजावले. कोबेला एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर नुकुमारूचा खेळ व्हायचा. तिथे उल्काला घेऊन गेले असताना त्यांनी मागच्या बाजूला त्या पोशाखातला माणूस डोकं काढून चहा पिताना पाहिला होता. कुणा मुलाला दिसू नये म्हणून दोन माणसं त्याच्यासमोर चादर धरून उभी होती. हे दृश्य टिपणीसांच्या मनावर कोरलं गेलं होतं. "आतल्या माणसाला नाव नसतं, वहिनी. आवाज नसतो. मुलांसमोर डोकं काढायचं नाही आणि शब्द बोलायचा नाही. मेलं तरी नाही."

"तुम्ही? बोलणार नाही?" मी विचारलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही.

डिसेंबरमधल्या एका दुपारी, ऑफिसला दांडी मारून, टिपणीस आमच्या गराजमध्ये नुकुमारूत शिरले. मी चेन लावली आणि हात धरून त्यांना बर्फातून त्यांच्याच घराकडे नेलं. उल्का खिडकीत होती. तिने आम्हाला पाहिलं आणि ती जी धावत बाहेर आली, ती मोज्यांवरच. येऊन तिने त्या पोटाला मिठी मारली. मला वाटलं, पोर रडेल. पण ती बोलायला लागली. भडाभडा, जपानीत, श्वास न घेता. बापाचंच रक्त ते. आणि नुकुमारू नुसता मान हलवत होता. मान वेगळी हलत नसल्यामुळे सगळं अंग हलवत होता.

गराजमध्ये परत आल्यावर मी चेन काढली. टिपणीस घामाने निथळत होते. खाली रंगाच्या डब्यावर बसले आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मी घाबरले. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"बसमध्ये तिला कुणी शेजारी बसू देत नाही," ते म्हणाले. "ती उभ्याने येते."

दुसऱ्या दिवशी टिपणीस शाळेच्या बसपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी ड्रायव्हरला काय सांगितलं आणि किती वेळ सांगितलं हे देव जाणे, पण त्यानंतर उल्काची पुढची जागा ठरून गेली. मग नुकुमारू अधूनमधून यायला लागला. उल्का त्याला मनातलं सांगायची आणि दोन दिवसांत ते होऊन जायचं. डब्यात पोळीभाजी नको, मुलं वास घेतात. शेजारच्या पिवळ्या घरातल्या मुलीशी खेळायचंय पण विचारायचं कसं? अंधारात जिन्याची भीती वाटते. जिन्यात दिवा लागला, डब्यात सँडविच गेलं आणि पिवळ्या घरातल्या मुलीच्या आईला टिपणीसांनी स्वतः जाऊन चहाला बोलावलं. ती बाई दोन तास बसून गेली, असं म्हणतात. मला हा सगळा प्रकार भारी वाटायचा. पोरीच्या मनात शिरायला बापाने चोरदरवाजा केला होता.

खरं तर प्रकरण इतक्यावरच थांबलं असतं. पण टिपणीसांच्या अंगात उत्साह मावत नव्हता. त्यांनी आमच्या मंडळाच्या गणपतीत मुलांच्या कार्यक्रमासाठी नुकुमारू आणायचं कबूल केलं.

शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. एका बाजूला मखरात छोटासा गणपती, दुसऱ्या बाजूला स्टेज. मी नुकुमारूला मागच्या दाराने आणून पडद्याशेजारी उभं केलं आणि जरा पाणी प्यायला गेले. तीच चूक झाली. साताऱ्याहून नुकत्याच लेकीकडे आलेल्या एक आजी तिथून चालल्या होत्या. त्यांनी थांबून त्या आकृतीकडे पाहिलं. मोठं पोट, मोठे कान, प्रसन्न चेहरा. आजींनी पदर खांद्यावरून घेतला आणि हात जोडले.

"सोंड कुठंय गं याची?" त्यांनी लेकीला विचारलं.

लेक घाईत होती. तिने न बघताच उत्तर दिलं, "अगं आई, इथे सगळं आपल्यासारखं कुठून मिळणार? खवा तरी मिळतो का? रिकोटा चीजचेच पेढे करतो ना आपण?"

आजींना ते पटलं. त्यांनी पर्समधून कुंकवाचा करंडा काढला आणि नुकुमारूच्या कपाळावर ठसठशीत मळवट भरला. आजींनी नमस्कार केला म्हणून त्यांच्यामागून येणाऱ्या दोघींनी केला. दोघींनी केला म्हणून पाठीमागे रांग लागली. आपल्या लोकांना रांग दिसली की ती कशाची आहे हे विचारायचं भान राहत नाही. मी पाणी पिऊन परत आले, तोवर नुकुमारूच्या पायाशी नारळ होता, गळ्यात हार होता आणि एक नवा आलेला इंजिनिअर डोळे मिटून ग्रीन कार्डासाठी साकडं घालत होता. टिपणीस आतून काय करणार? बोलायचं नाही, हा नियम. त्यांनी एक हात वर केला. तो आशीर्वाद धरला गेला.

एवढ्यावर निभावलं असतं, पण आजींनी कापूर पेटवला.

आमच्या दुकानात त्या केसाळ कापडाच्या ठाणावरच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, आगीपासून दूर ठेवा. आजी पेटतं तबक ओवाळत पुढे आल्या. नुकुमारू मागे सरकला. आजी किंचाळल्या, "हलला! हलला गं बाई!" हॉलमधला प्रत्येक जण तिकडे धावला. कुणीतरी झांजा घेतल्या, आरती सुरू झाली. आजी एक पाऊल पुढे, नुकुमारू दोन पावलं मागे, असं करत करत ते दोघं हॉलभर फिरले. मी लोकांना ढकलत, "अहो, तो देव नाही, टिपणीस आहेत," असं सांगत होते, पण झांजांपुढे माझं कोण ऐकतंय? शेवटी नुकुमारू लाडवांच्या टेबलावर पाठीवर पडला आणि मी तबकावर पाण्याचा ग्लास ओतला. आजी माझ्यावर कायमच्या रागावल्या.

बाहेर पार्किंगमध्ये नेऊन मी चेन खाली ओढली. "तोंडातून शब्द का नाही काढलात? पेटला असतात की!"

मानेच्या फटीतून आत शिरलेली लाडवाची कळी टिपणीसांच्या भुवयांना चिकटली होती. "उल्का पहिल्या रांगेत होती, वहिनी," ते म्हणाले.

ते कुंकू शेवटपर्यंत निघालं नाही. साबण झाला, व्हिनेगर झालं, जपानी पद्धत झाली. कपाळावर गुलाबी डाग राहिला तो राहिलाच, आणि त्या दिवसापासून मंडळात त्याचं नाव नुकोबा पडलं.

पुढे उल्का मोठी झाली. पोरी होतातच. इंग्रजी तिच्या जिभेवर बसलं, जपानी पुसलं गेलं, मराठी कानापुरतं उरलं. नुकोबाची वाट बघणं कधी थांबलं, ते नेमकं सांगता येणार नाही. सहावी-सातवीत असताना तिने बापाला एकच विनंती केली, "बाबा, प्लीज, ते हेड बाहेर ठेवू नकोस ना. माय फ्रेंड्स कॅन सी इट." टिपणीसांनी तोड काढली. मुंडक्याचं तोंड कुंपणाकडे फिरवलं. आता मैत्रिणींना फक्त पाठमोरे कान दिसायचे, ज्यामुळे त्या आणखीच विचारायला लागल्या.

नुकोबा मंडळाच्या कामाला लागला आणि घरात राहिले नुसते टिपणीस. ते आपल्या परीने मुलीशी फार बोलायचे. जेवताना, गाडीत, तिच्या खोलीच्या दारात उभं राहून. ती म्हणायची, "आय हेट केमिस्ट्री." हे म्हणायचे, "तसं नसतं ते," आणि केमिस्ट्री कशी आवडते ते समजावायचे. ती म्हणायची, "आय ॲम टायर्ड." "तसं नसतं ते. दमलेली नाहीस तू, झोप कमी पडतेय." हळूहळू तिने काही म्हणणंच सोडलं आणि कानात वॉकमनची बोंडं घातली. टिपणीस त्या बोंडांशी बोलत राहिले. आमच्याकडे मात्र ती यायची, माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची. एकदा म्हणाली, "मावशी, बाबा नेव्हर लिसन्स. नेव्हर." मी म्हटलं, "ऐकतात गं." पण मला ते ठामपणे सांगता आलं नाही.

शालनने त्यांना माझ्यादेखत एकदा स्पष्ट सांगितलं. "तुम्ही जरा गप्प बसा. ती बोलेल."

"तसं नसतं ते," टिपणीस म्हणाले. शालन "हं" म्हणाली. हा त्यातला सगळ्यात वाईट "हं" होता.

मग उल्काला मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. काय शिकणार, कुठे राहणार, हे टिपणीसांना शालनकडून कळलं. त्या उन्हाळ्यात ते मुंडकं वाळत घालायला आले की कुंपणापाशी थांबायचे. बोलायचे पंपांबद्दलच, पण मधेच गाडी रुळावरून घसरायची.

"पूर्वी मला तिचं सगळं कळायचं हो, वहिनी. आता घरात कोण राहतंय तेच कळत नाही." आणि एकदा मुंडक्याच्या कानाचा चिमटा काढता काढता म्हणाले, "जायच्या आधी एकदा माझ्याशी नीट बोलली पाहिजे. एकदाच. मग जाऊ दे." मला इतकं वाईट वाटलं, की मीच त्यांना पंपांबद्दल काहीतरी विचारलं.

ऑगस्टमध्ये तिला पोचवायला आमची स्टेशन वॅगन काढली, कारण त्यांच्या गाडीत सामान मावेना. आमच्या ह्यांना येण्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "मला ऑफिस आहे." वार शनिवार होता. तेव्हा चालवायला मी बसले. निघायच्या आधी टिपणीस माझ्या खिडकीशी वाकले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, मागे रजईखाली डोकं ठेवलंय."

"कुणाचं?" माझ्या तोंडून निघून गेलं. मग म्हटलं, "टिपणीस, वेड लागलंय का? तिथे कॉलेजच्या दारात तुम्ही ते घालणार? पोरगी जन्मात तोंड बघणार नाही तुमचं."

"घालणार नाही. नुसतं बरोबर असू दे."

टिपणीस माझ्या शेजारी बसले आणि इलिनॉय, इंडियाना, मिशिगन अशी तिन्ही राज्यं मान मागे वळवून बोलत राहिले. डॉर्ममध्ये आग लागली तर कुठून पळायचं. कपडे धुताना पांढरे वेगळे का काढायचे. एक्स्टेन्शन कॉर्डला हीटर का लावायचा नाही. शालन खिडकीबाहेर बघत होती. उल्काच्या कानात बोंडं होती. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, आणि मला वाटलं, संपलं हे, असंच ही जाणार.

डॉर्मच्या पार्किंगमध्ये नुसती झुंबड होती. सगळीकडे आईबाप, खोके, टेबललॅम्प. आम्ही सामान वर नेलं. टिपणीसांनी खोलीतल्या नळाचा दाब तपासला आणि त्याबद्दल नाराजी नोंदवली. खाली येऊन निरोपाची वेळ आली, तेव्हाही ते एक्स्टेन्शन कॉर्डवरच होते. उल्का म्हणाली, "ओके बाबा." शालनला मिठी मारली, मला मारली, बापाला अर्धी मारली. मग म्हणाली, "ओह, राइस कुकर राहिला," आणि गाडीचं मागचं दार उघडून तिने रजई ओढली.

नुकोबा तिच्याकडे बघून हसत होता. कपाळावर गुलाबी डाग.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. उल्काने ते मुंडकं बराच वेळ पाहिलं. त्या डागावर बोट फिरवलं. मग दोन्ही हातांनी उचलून ते बापासमोर धरलं.

"बाबा, घाल."

"इथे? अगं, तुझे मित्र…"

"जस्ट द हेड. प्लीज."

"तसं नसतं ते, उल्का. आतला माणूस आधी दिसला की मग काही अर्थ…"

"आतला माणूस मला माहीत होता, बाबा," ती म्हणाली. मोडक्या मराठीत, पण स्वच्छ. "फर्स्ट डे पासून. नुकुमारूच्या पोटातून लवंगेचा वास यायचा."

टिपणीस गाडीला टेकले. "मग… मग सगळं सांगायचीस कशाला? मी आहे हे माहीत असून?"

"कारण तू आत असलास की 'तसं नसतं ते' म्हणायचा नाहीस."

त्यावर शालनचा "हं" आला नाही. तिने तोंडाला पदर लावला होता. टिपणीसांनी गालातली लवंग काढून रुमालात ठेवली. का, कोण जाणे. मग ते गाडीच्या मागच्या उघड्या भागात बसले आणि त्यांनी डोकं घातलं. खाली इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि वर नुकोबा. उल्का शेजारी चढून बसली, पाय खाली सोडून. आणि बोलायला लागली.

मी आणि शालन आइस्क्रीम घ्यायच्या निमित्ताने लांब गेलो. लांबून बघत राहिलो. येणारी-जाणारी मुलं थबकून बघत होती, कुणी हसत होतं, उल्काला त्याचं काही नव्हतं. ती इंग्रजीत बोलत होती, मधे मराठी, आणि शालन म्हणते एखाददुसरा जपानी शब्दही होता. हातवारे तर अगदी बापाचे. नुकोबा सगळं अंग हलवून हो म्हणत होता. आमच्या हातातलं आइस्क्रीम वितळून मनगटापर्यंत आलं, तरी आम्ही हललो नाही. एकदा तिने डोळे पुसले, एकदा ती मोठ्याने हसली, आणि शेवटी तिने त्या केसाळ गालाला गाल लावला आणि ती पळत डॉर्मकडे गेली. दारातून वळून तिने हात केला. टिपणीसांनी डोकं काढलं नाही. गाडी कॉलेजच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत ते घालूनच बसले होते, आणि मी त्यांना सांगितलं नाही की आता कुठलंही मूल बघत नाहीये.

परतीच्या वाटेवर शालन मागे झोपून गेली. टिपणीस शेजारी बसून होते, नुकोबा मांडीवर. त्यांचे डोळे लाल झाले होते. पूर्वी नुकुमारू जाऊन आला की गराजमध्ये मी विचारायची, तसंच सवयीने विचारलं, "काय म्हणाली?"

"सांगितलं तिने," टिपणीस म्हणाले, आणि एवढंच म्हणून थांबले. मला राग नाही आला. मला ते फार आवडलं.

इंडियाना सुरू झालं तरी गाडीत शांतता होती. मला इतक्या शांततेची सवय नव्हती. चैन पडेना. शेवटी त्यांना जरा खाजवून बघावं म्हणून मी म्हटलं, "आज काय उकडतंय हो."

आणि मी वाट बघायला लागले. उकडत नाहीये, वहिनी, हा हवेतला दमटपणा आहे. दमटपणा काढा, उकाडा कुठाय?

टिपणीसांनी नुकोबाच्या कानाची दुमडलेली कड सरळ केली.

"हो ना," ते म्हणाले. "फार उकडतंय."